कोड सांगितला म्हणून भिंतीचा रंग जुळत नाही

दिवाळीच्या आधीपासून एक मेसेज नाशिकमधल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतो आहे. मला तो माहेरच्या ग्रुपवर आला, मुलीच्या शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर आला, आणि आता तर गिऱ्हाइकं दुकानात येऊन मोबाइल काउंटरवर ठेवतात आणि तोच दाखवतात. मजकूर थोडक्यात असा:

‘रंगाची महाग कंपनी घेऊ नका. तिच्या शेड कार्डातला रंग निवडा, कोड लिहून घ्या आणि स्वस्त कंपनीच्या मशीनवर तोच कोड द्या. मशीन सगळीकडे एकच असतं. कॉम्प्युटर कोड बदलून देतो, रंग शंभर टक्के तोच येतो. कार्ड नसेल तर भिंतीचा फोटो काढून ॲपवर टाका. पांढरा तर कुठलाही घ्या, पांढरा तो पांढराच. दोन-चार वर्षांनी पॅच मारायचा असला तरी असंच करा. वेगळा दिसला तर समजा पेंटरने पाणी जास्त घातलं. दुकानदार नाही म्हणतात ते कमिशनसाठी.’

मी सिडकोत एका रंगाच्या दुकानात टिंटिंग मशीनवर, म्हणजे डब्यात हवी ती शेड मिसळून देणाऱ्या मशीनवर, बसते, त्याला १७ वर्षं झाली. मेसेज लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही. लोकांचे पैसे वाचावेत एवढंच त्याच्या मनात असावं. पण एकदा कलरंट, म्हणजे शेड आणणारं दाट रंगद्रव्य, पडून तयार झालेला डबा कुठलंच दुकान परत घेत नाही. त्यामुळे या मेसेजवर विसंबून जो फसतो त्याला डब्याचे पैसे तर जातातच, वर पेंटरची मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. म्हणून एकेक वाक्य घेऊन बोलते.

कमिशनचं आधी, म्हणजे पुढचं वाचताना मनात किंतु राहणार नाही. दुकानाला प्रत्येक डब्यावर मार्जिन असतं, महागावर असतं तसं स्वस्तावरही असतं. आमच्याकडे दोन कंपन्यांची मशीन शेजारी-शेजारी आहेत. गिऱ्हाईक कुठल्या मशीनकडे वळलं यावर माझा पगार ठरत नाही. आणि स्वस्त कंपनी घ्यायला माझा विरोधही नाही. अख्खी खोली नव्याने काढायची असेल, जुन्या कशाशी जुळवायचं नसेल, तर एका कंपनीचं कार्ड पाहून दुसऱ्या कंपनीतला जवळचा रंग खुशाल घ्या. खोली छानच दिसेल. माझी हरकत आहे ती ‘शंभर टक्के तोच’ या तीन शब्दांना.

‘मशीन सगळीकडे एकच असतं.’

मशीन म्हणजे शेवटी पंप. वर कलरंटच्या टाक्या, खाली डबा, आणि कॉम्प्युटर सांगेल तेवढं कलरंट डब्यात सोडायचं. एवढ्यापुरतं मशीन सगळीकडे सारखं हे मला मान्य आहे. पण टाक्यांत काय भरलंय आणि खाली कुठला डबा ठेवलाय, रंग त्यावर ठरतो, आणि या दोन्ही गोष्टी प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या.

घरातलंच उदाहरण घ्या. चहाची पावडर तीच, चमचाही तोच. एका पातेल्यात म्हशीचं घट्ट दूध, दुसऱ्यात पाणीदार पिशवीचं. चहा एकाच रंगाचा होईल का? रंगाच्या डब्यातलं दूध म्हणजे बेस. बेसला पांढरेपणा आणि मागचं झाकायची ताकद येते ती टायटॅनियम डायऑक्साइडमुळे. हे द्रव्य महाग, म्हणून स्वस्त डब्यात ते कमी आणि खडूची पूड, चिनी माती जास्त. आता टायटॅनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड किती वळवतो त्याचा आकडा, २.७ च्या आसपास, खडूचा १.६ आणि रंग धरून ठेवणाऱ्या बाइंडरचा साधारण १.५. बाइंडरच्या आकड्यापासून जो जितका लांब, तो उजेड तितका जोरात परतवतो. खडूचा आकडा बाइंडरला लागूनच आहे, त्यामुळे बाइंडरमध्ये भिजलेला खडू जवळजवळ काचेसारखा होतो, झाकत नाही. अशा दोन बेसमध्ये मोजून तेवढंच कलरंट टाकलं तरी एकात तो फिका दिसेल आणि दुसऱ्यात उठून येईल.

आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाला सहसा माहीत नसते. बेसचा डबा काठोकाठ भरलेला येत नाही, कलरंटला जागा सोडलेली असते, आणि ती किती सोडायची हे कंपनीगणिक, बेसगणिक बदलतं. फिक्या शेडचा बेस वेगळा, गडद शेडचा वेगळा. गडदच्या बेसमध्ये पांढरं द्रव्य नावाला असतं किंवा नसतंच. एका कंपनीच्या सूत्राचा, म्हणजे कुठलं कलरंट किती टाकायचं त्याचा, कागद दुसरीच्या मशीनवर घेऊन येणारे लोक असतात. तो कागद तिथे निरुपयोगी असतो. बेस वेगळा, भरलेलं माप वेगळं, कलरंटची ताकद वेगळी.

‘कॉम्प्युटर कोड बदलून देतो, रंग शंभर टक्के तोच येतो.’

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने केलं आहे, म्हणून यावर जरा जास्त बोलते.

एशियन पेंट्स, बर्जर, नेरोलॅक, ड्युलक्स आणि २०२४ मध्ये बाजारात उतरलेलं बिर्ला ओपस, प्रत्येकाचं शेड कार्ड वेगळं आणि कोडही आपापले. कोड म्हणजे त्या कंपनीच्या वहीतला पान नंबर; दुसऱ्या वहीत त्या नंबरच्या पानावर भलतंच काही असतं. सगळ्यांना सामाईक असे आकडे आपल्याकडे आहेत, नाही असं नाही. भारतीय मानक ‘आयएस ५’ आहे, त्यात ५३७ म्हणजे सिग्नल रेड, ६३१ म्हणजे लाइट ग्रे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले लोक मशिनरीला, पाइपलाइनला ऑइल पेंट न्यायला येतात तेव्हा हेच आकडे सांगतात, आणि कुठल्याही कंपनीचा डबा दिला तरी त्यांचं काम भागतं. पण घरातल्या हॉलसाठी कार्डात ज्या शेकडो फिक्या-मातकट शेड असतात, त्या त्या यादीत नाहीत.

मग मेसेजमधली ती गोष्ट आली कुठून? बऱ्याच मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या कंपन्यांच्या शेडची यादी असते, तिथून. समोरच्या कंपनीच्या कार्डावरची चौकट यंत्राने मोजतात आणि आपल्या बेसमध्ये, आपल्या कलरंटने त्याच्या जवळात जवळचं सूत्र बसवतात. काम प्रामाणिकपणे केलेलं असतं. पण मोजलेली असते ती कार्डाची चौकट, तुमची भिंत नव्हे. शिवाय कोणी कार्ड कितीही जपलं तरी ते हाताळून मळतं, उन्हाने उतरतं. आणि जवळात जवळचं म्हणजे तेच नव्हे.

का नव्हे, हे कळायला मेन रोडवरच्या कुठल्याही मॅचिंग सेंटरमध्ये जा. साडीवर ब्लाउजपीस घेताना बायका काय करतात? दुकानातल्या दिव्याखाली कापड साडीला लावून बघतात, मान डोलावतात, आणि तरीही दोन्ही उचलून दारात उन्हात येतात. आत तंतोतंत वाटलेलं कापड बाहेर लालसर निघतं. कोणी शिकवलेलं नसतं, पण आपल्या आई-मावशीला हे पक्कं ठाऊक होतं: एका उजेडात जुळलं म्हणजे दुसऱ्या उजेडात जुळेलच असं नाही. रंगाच्या धंद्यात याला मेटामेरिझम म्हणतात. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या. भिंतीवरून जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत सगळा उजेड परत येतो, पण मेंदूला त्याच्या तीनच बातम्या पोचतात. १९३१ मध्ये रंग मोजायची जी आंतरराष्ट्रीय पद्धत ठरली तीही तीन आकड्यांचीच आहे. आता दोन वेगळ्या मसाल्यांनी, म्हणजे वेगवेगळ्या कलरंटनी, केलेले रंग दिवसाच्या उजेडात नेमके तेच तीन आकडे देऊ शकतात. डोळा म्हणतो, एकच आहे. दिवा बदलला की आकडे बदलतात, आणि मसाले वेगळे असल्यामुळे दोघांचे सारखे बदलत नाहीत.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. पाथर्डी फाट्याजवळ राहणाऱ्या एक वहिनी आल्या, डोळ्यात पाणी यायचंच बाकी होतं. बाथरूमची गळती काढायला हॉलची भिंत फोडली होती, साधारण तीन बाय चार फुटांचा तुकडा. प्लास्टर, पुट्टी, प्रायमर सगळं नीट करून घेतलं. भिंतीचा रंग राखाडीकडे झुकणारा बिस्किटी. त्या रंगाचा कोड त्यांच्याकडे होता. मेसेज वाचून तो दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर एका दुकानात दिला आणि पॅच मारून घेतला. दुपारी सगळ्यांनी पाहिलं, छान जुळलं. संध्याकाळी हॉलमधले पिवळे एलईडी लावले आणि भिंतीवर चौकोन उभा राहिला. हिरवट, ओल आल्यासारखा. घरात आठ दिवसांनी मुलाचा साखरपुडा, आणि पाहुणे बसणार ते बरोबर त्याच भिंतीसमोर.

मी आमच्या मशीनवर मूळ रंगाचं आणि पॅचचं, दोन्ही सूत्रं पाहिली. एकात काळा, पिवळा ऑक्साइड आणि लाल ऑक्साइड. दुसऱ्यात पिवळ्या ऑक्साइडच्या जागी लखलखीत सेंद्रिय पिवळा, आणि तो सांभाळायला थोडा मॅजेंटा. दोन्हींनी दिवसाच्या उजेडात बिस्किटी राखाडीच होतो. पिवळ्या दिव्याखाली त्यांची वाट वेगळी होते. राखाडी, बिस्किटी, फिका जांभळट, मेंदीसारखा हिरवा, या शेडमध्ये हे जास्त दिसतं, कारण त्या अनेक मसाल्यांनी बनवता येतात आणि डोळ्याला त्यांच्यातली थोडीशी झाकसुद्धा लगेच खटकते. आणि नेमक्या याच शेड आजकाल सगळ्यांना हव्या असतात.

हे तपासायचं यंत्र आमच्याकडे आहे. रंगाच्या तुकड्यावर ठेवलं की तो कुठल्या लहरीचा किती उजेड परतवतो ते मोजतं आणि आपल्या सूत्राशी किती फरक पडेल त्याचा आकडा देतं. त्याला डेल्टा ई म्हणतात. १ च्या आसपास म्हणजे बारकाईने पाहणाऱ्याला जेमतेम कळेल एवढा फरक. आमच्या स्क्रीनवर हा आकडा एक नसतो, तीन असतात: दिवसाच्या उजेडाचा, पिवळ्या बल्बचा आणि ट्यूबचा. पहिला अर्ध्यावर आणि दुसरा तीनाच्या पुढे, असं कितीदा तरी येतं. कोणी तुम्हाला फक्त पहिला आकडा दाखवून ‘परफेक्ट मॅच’ म्हणालं, तर बाकीचे दोन विचारा.

यंत्रालाही न कळणारी एक गोष्ट आहे आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखसुद्धा नाही: चमक. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांनी एकाच कंपनीचा, एकाच कोडचा रंग दोन खोल्यांना नेला, एकीला मॅट आणि दुसरीला चमकदार. दाराच्या चौकटीशी दोन्ही भिंती शेजारी आल्या आणि काका डबे घेऊन परत आले, रंग चुकलाय म्हणून. मी दोन्ही एका कार्डावर लावले, वाळवले आणि खिडकीशी नेले. कार्ड थोडं तिरकं केलं की मॅट फिका, दुधाळ. चमकदार एक पायरी गडद आणि भरीव. सरळ धरलं की फरक खूप कमी. मॅट भिंत उजेड चहूकडे उधळते, तो वरचा पांढुरका उजेड रंगात मिसळून डोळ्यात येतो. चमकदार भिंत तो एका बाजूला आरशासारखा फेकते, आणि त्या रेषेतून बाजूला झालं की खालचा खरा रंग दिसतो. काकांनी कार्ड हातात घेऊन स्वतः चार-पाच वेळा हलवून पाहिलं आणि म्हणाले, ‘ताई, म्हणजे चूक माझी निवडीची, तुमच्या रंगाची नाही.’ हे एकाच कंपनीत झालं. दोन कंपन्यांचं ‘मॅट’ हे नुसतं नाव सारखं असतं. एकीचं मॅट हाताला खडूसारखं, दुसरीचं साटनकडे झुकलेलं. रंग अगदी हुबेहूब बसवला तरी चमक वेगळी असली की पॅच दिसणारच.

‘कार्ड नसेल तर फोटो काढून ॲपवर टाका.’

यावर फार बोलायची गरज नाही. मोबाइलचा कॅमेरा पिवळ्या दिव्यातला फोटो स्वतःच सुधारून पांढरा करायला बघतो, तेच त्याला शिकवलेलं आहे. शेजारी लाल सोफा असेल तर त्याची झाक भिंतीवर आणि फोटोतही. मग तो फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवला की आणखी उतरतो. ॲप देतं ते ‘साधारण असा’ रंग, कुठल्या घराण्यातला ते कळायला पुरेसं. एकाच भिंतीचा फोटो सकाळी आणि दिवे लावल्यावर काढून ॲपवर टाकून पाहा, दोन कोड मिळतील.

‘पांढरा तो पांढराच.’

पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत ज्यांचं बालपण गेलं त्यांना हे सांगावं लागू नये. गणपतीच्या, दिवाळीच्या आधी चुना भिजत घालायचे आणि त्यात नीळ टाकायचे. का? नुसता चुना पिवळट दिसतो, निळीने तो डोळ्याला शुभ्र वाटतो. नीळ कमी-जास्त झाली की एका माणसाने एकाच दिवशी काढलेल्या दोन खोल्या वेगळ्या दिसायच्या. आज डब्यातही तेच चालू आहे. कोणाच्या पांढऱ्याला निळी झाक, कोणाच्या पांढऱ्याला साय आल्यासारखी. एकटा असला की प्रत्येक पांढरा शुभ्र वाटतो. छताला एका कंपनीचा आणि बीमला दुसरीचा लावा, सांध्याला दोघांतला एक मळका दिसायला लागेल. दारं-खिडक्यांना पांढरा ऑइल पेंट असेल तर आणखी एक भानगड: तो अंधारात पिवळा पडतो. कपाट सरकवून त्याच्यामागे झाकलेलं दार बघा. त्या पिवळ्या पांढऱ्याशेजारी नवा पांढरा कुठल्याच कंपनीचा जुळणार नाही, त्याच कंपनीचासुद्धा नाही.

फिक्या रंगांत चूक लपते असा समज आहे. माझा अनुभव उलटा आहे. मॅचिंगच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांत पांढऱ्या आणि सायीच्या रंगाची माणसं सगळ्यात जास्त असतात.

‘दोन-चार वर्षांनी पॅच मारायचा असला तरी असंच करा.’

चार वर्षांत भिंत तीच राहत नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर फोडणीचा थर बसतो, देवघरावर समई-उदबत्तीचा धूर बसतो, पश्चिमेच्या खिडकीशेजारची भिंत उन्हाने उतरते. ऑक्साइडचे रंग, म्हणजे गेरूच्या घराण्यातले, उन्हात टिकाऊ. काही सेंद्रिय पिवळे-लाल त्यामानाने लवकर विटतात. त्यामुळे तुमच्याकडे मूळ डबा जरी झाकण घट्ट लावून ठेवलेला असला, तरी तो त्या दिवशीच्या भिंतीचा रंग आहे, आजच्या भिंतीचा नाही.

पाथर्डी फाट्याच्या त्या वहिनींना मी भिंतीचा तुकडा आणायला सांगितला. त्या दुसऱ्या दिवशी सकाळीच आल्या, कागदात घडी घालून दहा रुपयांच्या नाण्याएवढा तुकडा. मी विचारलं कुठला काढला, तर म्हणाल्या, स्विचबोर्डची पाटी उचकटून तिच्याखालचा, म्हणजे भिंत खराब होणार नाही. सगळे हेच करतात, आणि इथेच फसतात. पाटीखाली ना ऊन पोचत ना धूर. मी त्यांना परत पाठवलं आणि फोडलेल्या जागेच्या काठाला लागून, उघड्या भिंतीवरचा तुकडा आणायला लावला. दोन तुकडे पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवले. पाटीखालचा स्वच्छ, थोडा गुलाबीकडे. भिंतीवरचा पिवळट आणि मंद. एकाच भिंतीवर, एकाच हाताने, एकाच दिवशी लावलेला रंग तो.

भिंतीवरच्या तुकड्यावरून मी सूत्र काढलं, त्यात ऑक्साइडचाच पिवळा धरला. छोट्या डब्यात रंग केला, कार्डावर दोन हात दिले आणि ड्रायरने वाळवला. वाळवल्याशिवाय बघायचंच नाही. चुना ओला असताना भिंत दिसते आणि वाळल्यावर शुभ्र होतो. स्वस्त डिस्टेंपरही त्याच वाटेने वाळून फिकं होतं. इमल्शन उलटं, डब्यात दुधाळ आणि वाळलं की एक पायरी गडद. ओल्या डब्यात डोकावून ‘हाच हाच’ म्हणणाऱ्यांना मी हात जोडून थांबवते. मग तुकडा कार्डावर ठेवून ट्यूबखाली पाहिलं, दारात रस्त्यावर पाहिलं, आणि काउंटरखाली ठेवलेल्या पिवळ्या बल्बखाली पाहिलं. पहिल्या वेळी किंचित लाल होता. सूत्र थोडं बदलून पुन्हा केलं. दुसऱ्या वेळी तिन्हीकडे जमलं, म्हणजे मला तरी सांधा सापडेना.

तरीही मी त्यांना पॅच मारू नका म्हणाले. कारण रंग जुळला तरी पॅच दिसतो. नव्या पुट्टीची भिंत जास्त शोषते, जुनी कमी. त्याने चमक बदलते. जुन्या भिंतीवर रोलरची साल, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखी बारीक खडबड, आहे, पॅच ब्रशने मारला तर ती नाही. त्याच डब्यातला, त्याच कंपनीचा रंगसुद्धा मधोमध मारला की तिरक्या उजेडात चौकोन दाखवतो. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक अख्खी भिंत काढायची, मग पाव टक्का फरक असला तरी कोपरा तो गिळतो, कारण दोन भिंतींवर उजेड मुळातच वेगवेगळ्या कोनातून पडतो आणि डोळा तिथे फरक अपेक्षितच धरतो. दहा बाय बाराची भिंत म्हणजे १२० चौरस फूट, चांगल्या इमल्शनचं साधारण एक लिटर दोन हातांना पुरतं. कोडामागे धावण्यात जेवढे पैसे जातात त्यापेक्षा हे कमीच.

डबे दोन-तीन लागणार असतील तर सगळे एका मोठ्या बादलीत एकत्र करून मग लावायला घ्या. एकाच कोडच्या दोन डब्यांतही झाक येऊ शकते, आणि भिंतीच्या मध्यावर डबा बदलला की ती दिसते. आणि रंग लावून झाला की डब्याच्या झाकणावरच्या लेबलचा फोटो काढून ठेवा: कंपनी, शेड, बेस, फिनिश, तारीख. पुढे जुळवताना माझ्यासारखीला सुरुवात कुठून करायची ते तरी कळतं.

‘वेगळा दिसला तर समजा पेंटरने पाणी जास्त घातलं.’

या वाक्याचा मला खरोखर राग येतो. पाणी जास्त झालं तर रंग नीट झाकत नाही, खालचा थर डोकावतो, चमक मरते, कधी ओघळ येतात. ती चूक आहेच आणि ती करणारे पेंटरही आहेत. पण पाण्याने बिस्किटी रंग फक्त संध्याकाळीच हिरवा होत नाही. फरक दुपारी दिसत नाही आणि दिवे लावल्यावर दिसतो, तर तो पाण्याचा नाही, मसाल्याचा आहे. हे घरच्या घरी ओळखता येतं.

दुसरी एक तपासणी पेंटरकडून करून घ्या. भिंतीच्या कोपऱ्यात थोडा रंग लावायचा, तो अर्धवट वाळत आला की बोटाने जरा वेळ घासायचा. घासलेली जागा बाजूपेक्षा गडद किंवा वेगळी दिसली तर कलरंट बेसमध्ये नीट मिसळलेलं नाही. डबा पुरेसा हलवला नसेल, किंवा एका कंपनीचं कलरंट दुसरीच्या बेसला मानवलं नसेल. सुटं स्टेनर, म्हणजे बाटलीतलं कलरंट, आणून घरी टाकलं की हे फार होतं. अशा डब्यातून ब्रशने कोपरे एका रंगाचे आणि रोलरने मधली भिंत दुसऱ्या रंगाची निघते, आणि दोष येतो तो ब्रश धरणाऱ्यावर.

वहिनींनीही पॅच मारणाऱ्या पेंटरदादांचे १५०० रुपये धरून ठेवले होते, मेसेजमध्ये लिहिलंय तसं समजून. दादा दोन वेळा घरी येऊन गेले होते, ‘वहिनी, मी डबा उघडला तसा लावलाय’ एवढंच सांगत होते. दुकानात दोन कार्डं पिवळ्या बल्बखाली धरली, एक कोडावरून केलेलं आणि एक तुकड्यावरून केलेलं, तेव्हा वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी तिथूनच दादांना फोन लावला. साखरपुड्याच्या दोन दिवस आधी त्याच दादांनी ती भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काढली, आणि आधीचे १५०० आणि नव्या भिंतीची मजुरी वहिनींनी त्यांच्या हातात एकदमच ठेवली.